ट्रेलर खालून बघायचा असतो

इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीच्या प्रवासावर एक लेख आला आहे. फोटो सुरेख आहेत, बोआब झाडांचं वर्णन तर मी दोनदा वाचलं. पण लेखाच्या शेवटी आमच्या लेखक स्नेह्यांनी नवख्यांना जो सल्ला दिलाय तो वाचताना माझा चहा निवून गेला. सल्ला असा: आडवाटेला जायचं तर मागे 'ऑफ-रोड' ट्रेलरच हवा, तो 60-70 हजार डॉलरच्या आत मिळत नाही, आणि ज्यांची तेवढी ऐपत नाही त्यांनी स्वस्तातलं काही ओढत नेऊन बायकामुलांचा जीव धोक्यात घालू नये, सरळ मोटेलात राहावं.

मी पर्थला राहते. आमचा ट्रेलर आम्ही 6 हजार 400 डॉलरला, तिसऱ्या मालकाकडून घेतला. कॅनव्हासचा तंबू वर घडी करून ठेवलेला, खाली पत्र्याची पेटी, दोन चाकं, बस्स. तो घेऊन आम्ही गिब रिव्हर रोड दोनदा केला आणि मॅरीपासून मार्लापर्यंतचा ऊडनाडाटा ट्रॅक एकदा. म्हणजे स्नेह्यांच्या हिशेबात मी बायकामुलांचा जीव धोक्यात घालणाऱ्यांपैकी, आणि गंमत म्हणजे त्यातली बायकोही मीच. तेव्हा उत्तर द्यायचा दुहेरी हक्क मला आहे.

आधी त्या शब्दाचं बघू. 'ऑफ-रोड' ही काही सरकारने मारलेली मोहर नव्हे. बनवणारा आपल्या मालावर तो शब्द स्वतःच चिकटवतो. हमीपत्र उघडून बारीक अक्षरं वाचा. मोठ्या अक्षरांत पुढे नदी, चिखल, उडता धुरळा. मागच्या पानावर मात्र काही ठिकाणी चक्क लिहिलेलं असतं की हमी फक्त नीट राखलेल्या कच्च्या रस्त्यापुरती. पैसे मोजून शब्द विकत घेतला, आणि त्याचा अर्थ विकणाऱ्याने आपल्याकडेच ठेवला.

आता रस्ता. गिब रिव्हर रोड डर्बीपासून कुनुनुर्राच्या दिशेने सुमारे 660 किलोमीटर जातो. तो मुळात गुरं वाहून नेणाऱ्या ट्रकांसाठी काढलेला. पावसाळ्यात बंद, साधारण मे ते ऑक्टोबर उघडा. लोकांना वाटतं तिथली भीती म्हणजे नद्या आणि मगरी. पेन्टेकोस्ट नदीत मगरी आहेत खऱ्या, पाण्यात पाय घालून खोली बघायला कुणी जाऊ नये. पण गाड्या आणि ट्रेलर मोडतात ते नदीत नाही. ते मोडतात पन्हळीवर. इंग्रजीत तिला कॉरुगेशन म्हणतात, आणि आपल्याकडच्या गोठ्यावरचा पन्हळी पत्रा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं समजवायला नको. तो पत्रा लाल मातीचा करून शेकडो किलोमीटर अंथरायचा आणि त्यावरून संसार ओढत न्यायचा.

ही पन्हळ का पडते याचा अभ्यास झालेला आहे. कीथ मॅथर यांनी 1963 साली त्यावर लिहिलं; वाळूच्या गोल वाटेवर एक चाक फिरवत ठेवून त्यांनी लाटा उमटताना दाखवल्या. 2007 मध्ये दुसऱ्या एका गटाने हेच आणखी बारकाईने तपासलं, आणि निष्कर्ष मजेशीर निघाला: चाकाला स्प्रिंग असो नसो, ठरावीक वेगाच्या वर गेलं की लाटा पडतातच. म्हणजे पन्हळ ही वेगाची लेक. अन् एकदा पडली की मागून येणाऱ्या प्रत्येकाच्या ट्रेलरला ती सेकंदाला कितीतरी ठोसे देते, तासन् तास. अशा वेळी शॉक ॲब्सॉर्बर हाताला चटका बसेल इतके तापतात, नट ढिले होतात, विजेच्या तारा घासून उघड्या पडतात, आणि दांड्याचं वेल्डिंग जिथे कच्चं असेल तिथे तडकतं. यातल्या एकाही गोष्टीला तुमच्या स्वयंपाकघराचा ओटा किती लांब आहे याच्याशी कर्तव्य नाही. तिला कर्तव्य आहे वजनाशी, वेगाशी, टायरमधल्या हवेशी आणि वंगणाशी.

आणि इथेच स्नेह्यांचा सल्ला उलटा फिरतो. ट्रेलर महाग होतो तसा तो जड होतो. 60-70 हजारांत तुम्हाला मिळतं काय? घट्ट भिंती, न्हाणीघर, गरम पाणी, दोन-दोन पाण्याच्या टाक्या, बाहेर सरकणारी चूल, टीव्ही. रिकामा असतानाच हा प्रकार बरेचदा दोन टनांच्या आसपास जातो. त्यात पाणी भरा, सिलिंडर चढवा, डाळ-तांदूळ भरा. मग त्या सगळ्या वजनाला पेलायला आणखी जाड चासी, आणखी मोठे ब्रेक, आणि त्यांच्या किमतीचं समर्थन करायला पुन्हा 'बघा, किती मजबूत आहे!' मजबुती लागते ती त्याच्या स्वतःच्याच वजनासाठी.

हे या देशाला नवं नाही. 20 ऑगस्ट 1860 रोजी बर्क आणि विल्स मेलबर्नच्या रॉयल पार्कमधून खंड ओलांडायला निघाले तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे 20 टन सामान होतं. त्यात ओकचं, वर देवदाराची फळी बसवलेलं टेबल आणि खुर्च्यासुद्धा होत्या. एक गाडा बाग सोडण्याआधीच मोडला. मध्यरात्रीपर्यंत मंडळी शहराच्या कडेच्या एसेंडनला पोचली, तिथे आणखी दोन मोडले. मेनिंडीपर्यंतचं 750 किलोमीटर अंतर टपालाची घोडागाडी आठवड्याहून थोड्या जास्त वेळात काटायची, यांना दोन महिने लागले. त्या मोहिमेतले 24 उंट कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून आणलेले. जे वाळवंटासाठी जन्मले होते त्यांच्या सोबतीला टेबल-खुर्च्या निघाल्या होत्या. बर्क आणि विल्स पुढल्या वर्षी कूपर क्रीकवर दगावले ते काही टेबलामुळे नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण पहिल्या दिवशी तीन गाडे कशामुळे मोडले, हे स्नेह्यांनी सांगावं.

उलट उदाहरण लेन बीडेलचं. 1955 ते 58 या काळात गनबॅरल हायवे आखणारा हा सर्व्हेअर मूठभर माणसांची टोळी घेऊन पुढच्या वर्षांत वाळवंटातून हजारो किलोमीटरचे रस्ते काढत गेला. स्वतः लँडरोव्हरमधून पुढे जायचा आणि रात्री जमिनीवर वळकटी पसरून झोपायचा. आपण आज ज्या वाटांसाठी 70 हजारांचं घर ओढत नेतो, त्यातल्या काही वाटा वळकटीवर झोपणाऱ्यानेच काढल्यात.

वजनाचा हिशेब इथे कुणी करत नाही, म्हणून जरा थांबून करते. दुकानदार सांगतो, तुमची डबल-कॅब गाडी 3500 किलो ओढते. खरं आहे. पण गाडी आणि ट्रेलर मिळून किती, याचीही एक मर्यादा कागदावर असते. समजा ती 6000 किलो आहे आणि गाडी रिकामी 2200 ची. मागे पुरा 3500 चा ट्रेलर लावलात तर उरले 300 किलो. त्यात चार माणसं, पुढचा लोखंडी बार, जादा डिझेल, फ्रिज, आणि आईने भारतातून आल्यावर इथे ठेवलेला कुकर. चार माणसांतच 300 संपले. शिवाय ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार गाडीच्या मागच्या हुकावर येतो आणि तो गाडीच्या स्वतःच्या मर्यादेत मोजावा लागतो. हा हिशेब न करता निघालेल्याचा अपघात झाला तर विमा कंपनी कागद काढून तोच हिशेब करते.

आमच्या ट्रेलरची पाटी म्हणते: रिकामा 620, भरून जास्तीत जास्त 1200. म्हणजे 580 किलोचा संसार. त्यातही आम्ही 400 च्या वर कधी गेलो नाही, वजनकाट्यावर नेऊन पाहिलंय. कायद्याने 750 किलोपर्यंत ट्रेलरला ब्रेक सक्तीचे नाहीत. त्यापुढे 2000 पर्यंत एका आसाच्या दोन्ही चाकांना, आणि त्याहून वर सगळ्या चाकांना, शिवाय ट्रेलर सुटलाच तर आपोआप ब्रेक लागण्याची सोय. जितकं वजन वाढतं तितकी यंत्रणा वाढते, आणि आडवाटेला प्रत्येक यंत्रणा ही मोडायची एक नवी जागा असते.

मग स्वस्त ट्रेलर निवडायचा कसा? मी ज्या दिवशी आमचा घेतला तो दिवस सांगते. पर्थच्या उपनगरातलं एक मागचं अंगण. मालक सज्जन माणूस, त्याने आधी तंबू उघडून दाखवला, मग ओटा, मग दिवे. 'सगळे एलईडी!' म्हणाला. मी म्हटलं, काका, जरा चटई आहे का? तो बघतच राहिला. मी विजेरी घेऊन पाठीवर झोपले आणि खाली सरकले.

खालून ट्रेलर वेगळा दिसतो. वर सगळं रंगवलेलं असतं, खाली रंगवायला कुणी जात नाही. दांडा पेटीला जिथे मिळतो तिथलं वेल्डिंग मी बोटाने चाचपलं. तडा गेलेला असेल तर तिथे रंगावर तांबूस रेघ उमटते, कुंकवाच्या बोटासारखी. नव्हती. पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या, म्हणजे गावाकडच्या टेम्पोला असतात तशा, एकावर एक पाटे. प्रत्येक पाट्याची कड बघितली. स्नेही म्हणतील, पाटे? हल्ली तर ट्रेलिंग आर्म आणि कॉइल असतात. असतात, छान चालतात, मला नको असं नाही. पण एक पाटा तुटला तर शेजारी लोखंडाची पट्टी बांधून, तारेने आवळून हळूहळू पुढचं गाव गाठता येतं. कॉइलच्या आर्मचं ब्रॅकेट फाटलं तर नुसती वाट बघता येते.

मग चाकं. ट्रेलरच्या चाकाचे नट आणि आपल्या गाडीच्या चाकाचे नट एकाच मापाचे हवेत, टायरही त्याच मापाचे. आमची प्राडो, सहा नट, 139.7 मिलिमीटरचं वर्तुळ. ट्रेलरची चाकंही तीच. म्हणजे दोन जादा चाकं सहा चाकांना पुरतात. आणि सगळ्यात आत, टोपणाखाली, बेअरिंग. या देशात ट्रेलरच्या बेअरिंगला लोक अजून 'होल्डन' आणि 'फोर्ड' म्हणतात, जुन्या गाड्यांवरून. होल्डन गाड्या बंद पडल्या, नाव राहिलं. मी टोपण काढायला लावलं. ग्रीस निळं आणि स्वच्छ होतं. पाणी शिरलेलं असतं तर ते खरवस बिघडल्यासारखं पांढुरकं, फेसाळ दिसतं. त्या एका टोपणावर मी सौदा पक्का केला. ओट्याकडे मी नंतर, घरी आल्यावर बघितलं. त्याचा एक पाय वाकडा निघाला. अजून वाकडाच आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही बोलायला हवं, नाहीतर माझ्या नावावर भलताच सल्ला खपेल. मंडळातलेच काही तरुण म्हणतात, मग काय, आयात केलेला कोरा करकरीत ट्रेलर घ्यावा, तोही आता स्वस्तात मिळतो, आणि सगळंच शेवटी चीनमध्ये बनतं. मला हेही पटत नाही. चीनशी माझं भांडण नाही. चांगलं वेल्डिंग तिथेही होतं आणि वाईट इथेही. भांडण आहे ते किंमत जिथे कापली जाते त्या जागेशी. 12 हजारांत ज्याला तुम्हाला चार दिवे, बाथरूमचा तंबू, दोन टाक्या आणि सरकता ओटा द्यायचाच आहे, तो काटकसर करणार कुठे? दिसत नाही तिथे. बेअरिंग, सील, शॉक ॲब्सॉर्बर, तारांची जोडणी. शिवाय कोऱ्या ट्रेलरची परीक्षा अजून कुणी घेतलेली नसते. जुना ट्रेलर एकदा किंबर्लीला जाऊन सरळ परत आलेला असतो, किंवा वाकडा. आणि वाकडा असेल तर खालून दिसतो. स्वस्ताईच्या बाजूने बोलते म्हणून मी स्वस्त दिसणाऱ्या सगळ्याच्या बाजूने आहे असं कुणी धरू नये.

बायकांना सोय लागते, हा मुद्दा स्नेह्यांनी दोनदा मांडलाय. कुठल्या बायकांना विचारलं, ते लिहिलेलं नाही. मला लागतं ते असं: झोपायला धूळ न शिरणारी जागा, पाणी, वाऱ्याला आडोसा आणि रात्री उठावं लागलं तर सापडेल अशा ठिकाणी ठेवलेलं फावडं. धुळीचंच घ्या. महागड्या ट्रेलरमध्येही, दाराचं रबर जरा सैल असलं की, संध्याकाळी दार उघडल्यावर उशीवर लाल थर बसलेला मी पाहिलाय. आमच्या कॅनव्हासवर मी जुनी ताडपत्री घट्ट ओढते, काम संपतं. स्वयंपाक? वाऱ्यात तव्यावर पोळी भाजणं हा मूर्खपणा आहे, तुमचा ओटा आठ फुटी असो की दोन. मी घरून दशम्या नेते, तिसऱ्या दिवसापासून कुकरात खिचडी. मध मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियात परत शिरताना सीमेवर काढून घेतात, फळं-भाज्याही, तेव्हा तो बरणीभर नेऊ नये.

आणि सुरक्षिततेचा प्रश्न तर महागड्या ट्रेलरच्या घट्ट भिंतींनी सुटतच नाही. जीव वाचवतं ते माणशी दिवसाला पाच लिटर या हिशेबाने भरलेलं आणि एकाच टाकीत न ठेवलेलं पाणी. टाकी फुटते, आमची एकदा दगडाने फुटली होती, निम्मं पाणी डब्यांत होतं म्हणून आम्ही हसलो. जीव वाचवतो तो यूएचएफ रेडिओ, सॅटेलाइट फोन आणि 406 मेगाहर्ट्झचं ते छोटं पिवळं यंत्र, जे दाबलं की बचावपथकाला जागा कळते. हे सगळं मिळून 70 हजारांच्या पासंगालाही पुरत नाही. मोठं कर्ज काढून ट्रेलर घेतलेल्या एका जोडप्याकडे मी नुसता मोबाइल पाहिलाय, तोही रेंज शोधत.

आता माझी फजिती, कारण ती मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे आणि स्नेही ती काढणारच. पहिल्याच गिबच्या फेरीत, बिटुमेन संपल्यावर दीडशे किलोमीटरवर, आम्ही चहाला थांबलो. थांबलं की मी दोन्ही चाकांच्या हबांना हाताची पाठ लावून बघते. उजवा कोमट. डाव्याला हात लागताच मागे घेतला. त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र झालं. कारण? निघण्याआधी मीच घरच्या फरशीवर बसून बेअरिंगचा नट आवळला होता, आणि आवळून पुन्हा किंचित सैल सोडायचा असतो तो सोडला नव्हता. ट्रेलरचा दोष शून्य, माझा शंभर टक्के. जुन्या नऊवारीचा तुकडा मातीवर अंथरला, चाक काढलं, आणि ग्रीस भरून, प्लास्टिकात गुंडाळून आणलेला तयार जादा हब चढवला. अडीच तास गेले. त्यात यजमानांनी दोनदा चहा केला आणि एकदा उपदेश.

स्नेही म्हणतील, पाहा, स्वस्त ट्रेलर दगा देतोच! पण अहो, महागड्या ट्रेलरच्या चाकातही बेअरिंगच असते, आणि ती आवळणाराही माणूसच असतो. फरक एवढाच, की दोन टनांखाली बसलेली बेअरिंग गेल्यावर तो उचलायला माझा जॅक पुरला नसता. त्या दुपारी घाई करून तसंच पुढे पेन्टेकोस्टमध्ये उतरलो असतो तर वेगळीच गत झाली असती: तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि सील पाणी आत ओढून घेतं. म्हणून नदीच्या काठावर अर्धा तास थांबायचं. बाकीचे खोळंबतात, हॉर्न देतात. देऊ देत.

एका बाबतीत मात्र मी स्नेह्यांच्याही पुढे जाते. कॅनिंग स्टॉक रूट, विलुनापासून हॉल्स क्रीकपर्यंत सुमारे 1850 किलोमीटर आणि वाळूच्या 900 हून जास्त टेकड्या. किंवा सिम्प्सनचं वाळवंट, जिथे एकामागून एक हजारावर टेकड्या आडव्या येतात. तिथे ट्रेलर नेऊच नका, हा जाणत्यांचा सल्ला आहे, आणि तो सगळ्या किमतींना सारखा लागू आहे. ट्रेलर ओढणारी गाडी टेकडी चढायला जास्त उसळी घेते, वाट उखणून ठेवते आणि मागच्याचे हाल करते. तिथे तंबू आणि वळकटी. तिथे सर्वात चांगला ट्रेलर तुम्हाला फुकट मिळतो, कारण तो घरी ठेवायचा असतो. मग 70 हजारांच्या 'कुठेही जा'चं काय झालं, हे विचारायला मला आवडेल.

स्नेह्यांनी लेखाच्या शेवटी वाचकांना त्यांचा ट्रेलर बघायला बोलावलंय, चहा-फराळासकट. आम्ही जाणार आहोत, फराळ सोडायचा नसतो. त्यांनीही आमच्याकडे यावं. शनिवारी सकाळी मी बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरते, तेव्हा आलात तर उत्तम. चिवडा आहे. फक्त येताना जुने कपडे घाला, चटई मी ट्रेलरखाली आधीच टाकून ठेवते.